आधी पॅड, मग अ‍ॅम्प

महागडा ओपन-बॅक हेडफोन घरी आला की काही दिवसांत एक प्रश्न हमखास उभा राहतो: यातून चांगल्यात चांगला आवाज काढायचा, तर आता आणखी काय घ्यायचे? बाजारात याचे उत्तर तयार असते. मोठा अ‍ॅम्प, वेगळा डॅक, चांदीच्या तारेची केबल. माझे म्हणणे याहून वेगळे आहे. या जातीच्या हेडफोनमध्ये आवाज आणि आराम यांची खाती वेगळी मांडताच येत नाहीत. पॅड कानाभोवती कसा टेकला, किती दबला, डोक्यावरच्या पट्टीची पकड किती आणि ड्रायव्हर कानापासून किती अंतरावर, कोणत्या कोनात आला, यावर तासाभराने डोके दुखणार की नाही हे ठरते. आवाजाचा तोलही यावरच ठरतो. म्हणून लक्ष आणि पैसा आधी इथे खर्च व्हावा, पुढच्या यंत्रांवर नंतर, आणि तोही हिशेब करून. समोरची बाजू मात्र दुबळी नाही. वर्षानुवर्षे मन लावून ऐकणारी माणसे ती मांडतात. तेव्हा आपल्या जुन्या वादपद्धतीप्रमाणे पूर्वपक्षाला पूर्ण बोलू द्यावे आणि मग उत्तर द्यावे, हे बरे.

पूर्वपक्ष: तुम्ही गोष्ट उलट्या टोकाने सुरू करता आहात. आराम ही सोय आहे. सलग दोन तास ऐकता येईल की अर्ध्या तासात हेडफोन काढून ठेवावा लागेल, एवढाच तिचा संबंध. आवाज घडतो तो ड्रायव्हरमध्ये आणि त्याला चालवणाऱ्या यंत्रांत. फोकलने युटोपियासाठी बेरिलियमचा घुमट वापरला, सेनहायजरने एचडी 800 साठी 56 मिलिमीटरचा कंकणाकृती ड्रायव्हर घडवला, हायफायमॅन अतिपातळ पडदे ताणून प्लेनर हेडफोन बनवते. एवढी कारागिरी ज्यात ओतली आहे, त्याला साध्या उपकरणातून गाणे पुरवायचे आणि वर पॅडची चर्चा करत बसायचे, हे मला पटत नाही. सगळे पॅडवरच अवलंबून असते तर लोकांनी ड्रायव्हरसाठी लाखाच्या घरात पैसे मोजलेच नसते.

उत्तर: ड्रायव्हरचे मोल मी कमी लेखत नाही. पण ड्रायव्हर आणि तुमच्या कानाचा पडदा यांच्यामध्ये काय आहे, ते बघा. ओपन-बॅक म्हणजे कपाची बाहेरची बाजू जाळीची, हवेला मोकळी. 1968 साली आलेल्या सेनहायजरच्या एचडी 414 ने ही रचना लोकांपर्यंत नेली. त्याचे पिवळे फोमचे पॅड आजही ओळखले जातात. ड्रायव्हरचा पडदा कानाकडे सरकतो तेव्हा पुढची हवा दबते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. बंद कपात ही मागची लाट कोंडते आणि तिचा काही भाग उसळून परत पडद्यावर येतो. मोकळ्या कपात ती निघून जाते, म्हणून आवाज कोंदट वाटत नाही. या मोकळेपणाची किंमत मात्र मोजावी लागते, कारण पुढची आणि मागची लाट एकमेकींच्या नेमक्या उलट असतात. पॅड आणि त्वचा यांच्यात फट राहिली की खालच्या सुरांचा दाब त्या फटीतून निसटतो आणि मागच्या उलट दाबात विरून जातो. चष्म्याची जाड काडी, कानामागे दाबली गेलेली वेणी, जबड्याच्या कोपऱ्याशी नीट न टेकलेला पॅड, यातले एखादे कारणही पुरते. प्लेनर हेडफोनमध्ये हा तोटा सर्वात ठळक दिसतो. पॅड नीट बसला तर त्याचा बेस अगदी 20-30 हर्ट्झपर्यंत जवळपास सपाट जातो, आणि फट पडली की तोच पाया खचतो. एचडी 650 सारख्या डायनॅमिक ओपन-बॅकमध्ये तळाचा बेस मुळातच उतरता असल्याने तिथे फरक कमी जाणवतो, एवढेच.

वरच्या टोकाला अडचण निराळी आहे. 8 किलोहर्ट्झच्या लाटेची हवेतली लांबी सव्वाचार सेंटिमीटरच्या आसपास असते. कानाची पाळी आणि तिच्यातले खळगे साधारण त्याच मापाचे. त्यामुळे हेडफोन काही मिलिमीटर पुढे किंवा खाली सरकला तरी पाळीवरून उसळलेल्या लाटा एकमेकींना वेगळ्या जागी गाठतात आणि त्या पट्ट्यात कित्येक डेसिबलची चढउतार होते. मोजमाप करणारे लोक एकच हेडफोन कृत्रिम डोक्यावरून पुन्हा पुन्हा काढून बसवतात आणि सरासरी घेतात ते यासाठीच. आता पॅडचे वय लक्षात घ्या. नवा पॅड टणक आणि उंच असतो. रोजच्या वापराने फोम बसतो, ड्रायव्हर कानाच्या जवळ येतो, आतल्या हवेचे आकारमान घटते आणि आवाजाचा तोल सरकतो. कान आतल्या जाळीला टेकू लागतो, म्हणजे दुखणेही त्याच कारणाने सुरू होते. दोन-तीन वर्षांनी ‘पूर्वीसारखी मजा येत नाही’ म्हणून नवा अ‍ॅम्प शोधणाऱ्याने आधी आपला पॅड नव्या पॅडशेजारी ठेवून जाडी ताडून पाहावी. ज्या बदलाचा शोध तो विजेच्या तारांत घेतो आहे, तो पुष्कळदा फोमच्या जाडीत सापडतो.

लोक पैसे मोजतात म्हणून फरक असणारच, हा युक्तिवाद तर आकड्यांपुढे टिकत नाही. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने 2017 मध्ये 283 हेडफोनांची मोजमापे तपासली. त्यांचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स आणि किंमत यांच्यात त्याला काही संबंध आढळला नाही. यावरून महाग हेडफोन निरुपयोगी ठरत नाहीत. विकृती, घडण, टिकाऊपणा, सुटे भाग मिळणे, या गोष्टी त्या मोजमापाबाहेरच्या आहेत. पण कानाला सर्वात आधी जाणवतो तो तोल, आणि तो किमतीबरोबर आपोआप सुधारत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

पूर्वपक्ष: मान्य, पण 300 ओहमचा हेडफोन मोबाइलला जोडून तो ‘खुलतो’ असे तुम्हीही म्हणणार नाही. शक्ती कमी पडली की आवाज पातळ होतो, बेस ढिला पडतो, तबल्याच्या थापेतला जीव जातो. हा अनुभव एकट्यादुकट्याचा नाही.

उत्तर: अनुभव खरा असू शकतो. त्याचे कारण मात्र आकड्यांतून शोधू या. सेनहायजर एचडी 650 ची संवेदनशीलता 1 व्होल्टला 103 डेसिबल सांगते. सरासरी 75 डेसिबलवर गाणे ऐकले, म्हणजे शांत खोलीत भरपूर मोठे, आणि संगीतातले क्षणिक उंचवटे सरासरीच्या 20 डेसिबल वर धरले, तर 95 डेसिबलची गरज पडते. त्याला लागतात सुमारे 0.4 व्होल्ट. बोटाएवढ्या अनेक यूएसबी-सी डॅकमधून 1 व्होल्टच्या आसपास मिळतो. म्हणजे गरज भागून वर जागा उरते. 300 ओहम हा आकडा पाहून लोक घाबरतात. प्रत्यक्षात असा हेडफोन विद्युतप्रवाह फारच थोडा मागतो.

तुमचे म्हणणे जिथे पूर्ण खरे ठरते, ते उदाहरणही देतो. हायफायमॅनचा सुस्वारा 60 ओहमचा आहे आणि त्याची संवेदनशीलता 1 मिलिवॉटला केवळ 83 डेसिबल. त्याच्याकडून 105 डेसिबलचे उंचवटे हवे असतील तर सुमारे 158 मिलिवॉट द्यावे लागतात, म्हणजे 3 व्होल्टच्या थोडे वर आणि 50 मिलिअँपिअर. एचडी 650 ला त्याच पातळीसाठी 5 मिलिवॉटच्या आसपास पुरतात. तीसपट फरक! सुस्वारा घेणाऱ्याने तगडा अ‍ॅम्प घ्यावाच, आणि तिथे मी तुमच्या बाजूला उभा आहे. पण हा निर्णय हेडफोनच्या दोन आकड्यांवरून दहा मिनिटांत होतो. तो झाला की अ‍ॅम्पचे काम बव्हंशी संपते. गरजेच्या दसपट शक्ती घेतली म्हणून आवाज दसपट भरीव होत नाही.

बेस ढिला किंवा घट्ट होण्याचे दुसरे खरे कारण अ‍ॅम्पच्या आउटपुट इम्पिडन्समध्ये आहे. एचडी 650 चा इम्पिडन्स नावाला 300 ओहम असला तरी 100 हर्ट्झच्या आसपास तो 500 पर्यंत चढतो. 120 ओहम आउटपुटचा अ‍ॅम्प जोडला तर त्या भागात मध्यापेक्षा साधारण 1 डेसिबल जास्त आवाज येतो. 10 ओहमचा जोडला तर ही वाढ 0.1 डेसिबलच्या जवळ राहते. आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पवर या हेडफोनला ऊब आली असे जे लोक म्हणतात, त्यांना भ्रम होत नाही. त्यांना हा 1 डेसिबल ऐकू येतो. बहुतेक प्लेनरचा इम्पिडन्स सर्व वारंवारतांना सारखाच असतो, तिथे हीच करामत घडत नाही. एकदा कारण हे असे उलगडले की त्यासाठी किती रुपये मोजायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पूर्वपक्ष: मग केबलबद्दलही तुम्ही हेच म्हणणार. पण मी स्वतःच्या कानांनी ऐकलेला फरक कागदावरच्या आकड्याने पुसला जात नाही.

उत्तर: केबलपाशी फार वेळ थांबण्याची गरज नाही. तारेचा रोध अर्धा ओहम धरला तरी 300 ओहमपुढे तो आवाज एका डेसिबलच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी घटवतो. तुम्हाला जाणवलेला फरक मी खोटा म्हणत नाही. केबल बदलताना तुम्ही हेडफोन डोक्यावरून काढला, मग परत घातला, आणि तो तंतोतंत जुन्या जागी बसला असण्याची शक्यता फार कमी. वर सांगितलेली काही मिलिमीटरची हालचाल केबलच्या फरकाच्या शेकडो पट मोठी असते. कान फसत नाहीत, श्रेय चुकीच्या वस्तूला जाते. दोन यंत्रांची तुलनाही पातळी मोजून सारखी केल्याशिवाय करू नये. अर्धा डेसिबल मोठे वाजणारे यंत्र मोठे वाटत नाही, अधिक चांगले वाटते. केबल निवडायचीच असेल तर ती हलकी, लवचिक आणि कपड्यावर घासली तरी कपात खरखर न पोचवणारी निवडा. आरामाचा भाग म्हणून केबलवर केलेला खर्च मला मान्य आहे.

पूर्वपक्ष: आरामाचा एवढा आग्रह आहे तर एका प्रश्नाला सरळ उत्तर द्या. ओपन-बॅक हे युरोप-अमेरिकेतल्या शांत, थंड, बंद खिडक्यांच्या खोलीसाठी बनलेले यंत्र आहे. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये खाली रिक्षा, शेजारी ड्रिल, डोक्यावर पंखा. मे महिन्यात कानाभोवती मखमल गुंडाळून कोण बसणार? आणि दोन खोल्यांच्या घरात तुमचे गाणे दुसऱ्याच्या अभ्यासात शिरते, त्याचे काय?

उत्तर: शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण त्याला तोड नाही. ज्या खोलीत दुसरे कोणी झोपते किंवा अभ्यास करते, तिथे ओपन-बॅक वापरू नये, बंद कपाचा हेडफोन घ्यावा. जाळीतून अर्धे गाणे बाहेर जाते, आणि ते कोणत्याही युक्तीने थांबवता येत नाही. जाळीवर काही झाकले तर तो हेडफोन ओपन-बॅक राहत नाही, त्याचा तोलही बिघडतो.

बाहेरच्या गोंगाटाचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि ज्या पैशातून लोक दुसरा अ‍ॅम्प घेतात तो इथे खरा कामी येतो. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. रहदारीच्या रस्त्यालगतच्या घरांना ती किती पाळली जाते, हे ठाऊक आहे. ओपन-बॅक हा आवाज जवळजवळ अडवतच नाही. खोलीतला घरघराट ख्यालाच्या संथ आलापातले बारीक तपशील झाकून टाकतो, आणि माणूस नकळत पातळी चढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने अशा उपकरणांसाठी आठवड्याला 40 तास 80 डेसिबल ही सुरक्षित मर्यादा सुचवली आहे. दर 3 डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. म्हणजे पंख्यावर मात करायला 6 डेसिबल चढवले तर 40 तासांचे 10 उरतात. खिडकीच्या कडांना रबरी पट्टी, जाड पडदा, रस्त्यापासून दूरची खोली, रात्री उशिराची किंवा पहाटेची वेळ, यांतून खोली 6 डेसिबल शांत झाली तर पातळी न चढवता तेवढाच तपशील मोकळा होतो. एवढा लाभ कोणता डॅक देईल?

पंख्याचेही असेच. छताच्या पंख्याचा झोत वरून थेट जाळीवर पडतो आणि त्याची फडफड ड्रायव्हरपर्यंत पोचते. म्हणून पात्यांच्या बरोबर खाली बसू नये. बाजूने, छातीच्या उंचीवर, मंद गतीने चालणारा टेबलफॅन अंगाला वारा देतो आणि कपाला सोडतो. उकाड्यात मखमली किंवा विणलेल्या कापडाचा पॅड चामड्याच्या पॅडपेक्षा सुसह्य, कारण त्यातून हवा जाते. पण त्याच कारणाने त्याची पकड किंचित सैल आणि बेस थोडा कमी. चामडे उलट वागते, बेस धरून ठेवते आणि घामही. आपल्या दमट किनाऱ्यावर कृत्रिम चामड्याची आणखी एक खोड दिसते. पॉलियुरेथेनचा वरचा थर हवेतल्या पाण्याने हळूहळू विघटित होतो, आधी चिकट लागतो, मग त्याचे काळे पापुद्रे निघून कानाला आणि गालाला चिकटतात. त्या पॅडला भेगा पडल्या की हवा गळते आणि आवाजही गेला असे समजावे. रत्नागिरी किंवा मडगावसारख्या ठिकाणी राहणाऱ्याने हेडफोन सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवावा, मात्र घामाने ओला पॅड लगेच बंद करू नये. आधी कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली वाळू द्यावा.

वजनाबद्दल खरेदीपूर्वी फार कमी लोक विचारतात. एचडी 650 साधारण 260 ग्रॅमचा, ऑडेझीचा एलसीडी-एक्स 600 ग्रॅमच्या वर. पहिल्या पाच मिनिटांत फरक जाणवत नाही, तासाभराने टाळूवरच्या एका रेषेत जाणवतो. तिथे दाब पसरवणारा रुंद, लोंबता पट्टा उपयोगी पडतो, कारण तेच वजन मोठ्या क्षेत्रफळावर वाटले जाते. पकड मात्र जपून सैल करावी. एचडी 600 आणि 650 नवेपणी कानशिले आवळतात. त्यांची पट्टी पूर्ण बाहेर ओढून आतल्या धातूच्या पट्ट्यांना दोन्ही हातांनी हळूहळू, थोडा थोडा बाक दिला की सुधारणा होते. पट्टी पूर्ण प्लास्टिकची असेल तर हा प्रयोग करूच नये. आणि सैल करण्यालाही सीमा आहे. पॅडचा खालचा काठ जबड्यामागे टेकेनासा झाला की बेस गळू लागतो, मान हलवली की कप सरकतो. ज्या दाबाला आराम आणि बेस दोन्ही टिकतात, त्याची जागा एका अरुंद पट्ट्यात सापडते. ती आपल्या डोक्यावर शोधायला चार-सहा दिवस देणे हे अ‍ॅम्पची तुलना वाचण्यापेक्षा फलदायी आहे. चष्मा असेल तर पातळ, सरळ काडीची फ्रेम घ्यावी. ऐकताना तो थोडा वर उचलून काडी पॅडच्या वरच्या काठाशी येईल अशी बसवावी.

पूर्वपक्ष: समजा हे सगळे केले. तरी आवाज मनासारखा नसेल तर तुम्ही इक्वलायझर सुचवणार, हे दिसते आहे. निर्मात्याने ठरवलेल्या आवाजात ढवळाढवळ करणे मला अनुचित वाटते. त्यापेक्षा पॅड बदलून पाहावेत, निराळ्या जातीचा अ‍ॅम्प लावावा. ती नैसर्गिक वाट आहे.

उत्तर: पॅड बदलणे हा तर सर्वात आंधळा इक्वलायझर आहे. जाडी, फोमचा घट्टपणा, आतल्या छिद्राचा व्यास, वरचे कापड, सगळे एकदम बदलते. त्यातून काय वर गेले आणि काय खाली, हे मोजल्याशिवाय कळत नाही. आरामासाठी परक्या कंपनीचे जाड, मऊ पॅड लावणाऱ्यांचा आवाज म्हणूनच अनेकदा बिघडतो. झिजलेला पॅड बदलायचा असेल तर त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा घ्यावा. निर्मात्याचा ठरवलेला आवाजही अढळ नसतो. एचडी 800 चा 6 किलोहर्ट्झजवळचा चढ टोचतो ही तक्रार जुनी होती, आणि पुढे एचडी 800 एस काढताना सेनहायजरनेच कपात एक शोषक बसवून तो चढ दाबला. निर्माता जे धातू आणि पोकळ्यांनी करतो, ते ऐकणारा घरी फिल्टरने करू शकतो.

कोणत्या दिशेने करावे, याला आधार आहे. हरमनमध्ये शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी गेल्या दशकात कोणता हेडफोन आहे हे लपवून ऐकवण्याचे प्रयोग केले. चांगल्या खोलीतल्या चांगल्या स्पीकरसारखा तोल बहुसंख्य श्रोत्यांना आवडतो, असे त्यांत दिसले. कॅनडा, अमेरिका, जर्मनी आणि चीन इथल्या श्रोत्यांच्या पसंतीत मोठा फरक आढळला नाही. या यादीत भारत नाही, तेव्हा आपण आपल्या संगीतावर तो तोल पडताळून घ्यावा, आणि त्यासाठी तंबोऱ्यासारखे दुसरे साधन नाही. काळी एकला लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज 69 हर्ट्झजवळ, जोडीच्या तारा 138 जवळ, आणि खर्जातून उमटणारा स्वयंभू गंधार 346 च्या आसपास. पण खरी परीक्षा जवारीची. तार घोडीच्या किंचित बाकदार पृष्ठाला हलके घासत कंप पावते आणि तारेखालचा दोरा योग्य जागी असला की वरच्या हार्मोनिकांची रांग एकामागून एक उजळत जाते. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये दाखवले की साध्या तारेच्या नियमाने जे हार्मोनिक उमटूच नयेत, तेही या घोडीमुळे उमटतात. ही रांग मध्यापासून वरच्या सप्तकांपर्यंत सलग चढते. हेडफोनमध्ये 6 किलोहर्ट्झजवळ सुळका असेल तर जवारी त्या जागी काचेसारखी खरखरते. खड्डा असेल तर रांगेतला एक टप्पा गायब होतो आणि तंबोरा मुका वाटतो. मिरजेच्या कारागिराने कानाने साधलेला तो उतार-चढाव सलग ऐकू आला की हेडफोनचा तोल जवळपास बरोबर आला आहे, असे मी धरतो.

इक्वलायझर वापरताना थोडा संयम हवा. रुंद, सौम्य बदल करावेत. 8 किलोहर्ट्झच्या वरचे अरुंद सुळके दुसऱ्याच्या आलेखावरून कापू नयेत, कारण ते मोजणाऱ्या कृत्रिम कानाचे असतात, तुमच्या कानाचे नव्हेत. बेस 5 डेसिबल चढवायचा तर आधी एकूण पातळी 5 डेसिबल उतरवावी, नाहीतर उंचवटे छाटले जातील. डायनॅमिक ओपन-बॅकच्या अगदी तळाला, 30-40 हर्ट्झला, फार जोर देऊ नये. पडदा जास्त अंतर सरकू लागला की विकृती वाढते. आणि हे सर्व पॅड नीट बसल्यावरच करावे, कारण फटीतून गळणारा बेस फिल्टरने भरून निघत नाही.

पूर्वपक्ष: एक शंका उरते. एवढे करूनही गायक कपाळाच्या आत उभा राहून गातो. स्पीकरसारखा समोर येत नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर तर हे फारच खटकते, मग एवढ्या खटाटोपाचा उपयोग काय?

उत्तर: स्पीकरचा डावा आवाज उजव्या कानालाही पोचतो, साधारण पाव मिलिसेकंद उशिरा आणि ट्रेबल गमावून. हेडफोनमध्ये ही देवाणघेवाण होत नाही. बेंजामिन बाउअर यांनी 1961 मध्येच ती विद्युत मंडलातून परत आणण्याची युक्ती सुचवली. आज ती क्रॉसफीड नावाने अनेक प्लेअरमध्ये असते. वाद्ये एकदम एका कानात ढकललेल्या सुरुवातीच्या स्टिरिओ मुद्रणांवर ती जरूर वापरावी, एरवी थोडी. गायक त्याने पूर्ण समोर येत नाही हे कबूल, पण एका कानावर पडणारा ताण निघून जातो.

केसरबाई केरकरांच्या 78 गतीच्या तबकड्यांसारखे जुने मुद्रण मात्र वेगळी वागणूक मागते. ते मुळात मोनो आहे, पण स्टिरिओ कार्ट्रिजने उतरवलेल्या प्रतीत दोन्ही चॅनेलांतली सुईची खरखर निराळी असते. त्यामुळे आवाज मधोमध आणि खरखर दोन्ही कानांभोवती पसरलेली, असे ऐकू येते. ओपन-बॅकच्या मोकळेपणात ती पसरण अधिकच उघडी पडते. प्लेअरमधला मोनोचा पर्याय लावला की दोन्ही चॅनेल एकत्र होतात. गाणे जसेच्या तसे राहते, आणि दोन्हीकडची परस्परांशी न जुळणारी खरखर साधारण 3 डेसिबल उतरते. यासाठी काहीही विकत घ्यावे लागत नाही.